रूळ उखडले, वाट उरली: कोल्हापुरातून तयारी करून ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज चालताना

पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात, चिखल तुडवत चालून आलेल्या माणसाला सांगून बघा, की जुन्या रेल्वेमार्गावरून नदीकाठानं चालायचं आहे आणि चढ जवळजवळ नाहीच. तो हसतो. "मग त्यात काय एवढं? रंकाळ्याला चार फेऱ्या जास्त मारल्या म्हणायचं!" आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाच गडी तळपायाला फोड आणि नडगीत कळ घेऊन मुक्कामाच्या पायरीवर बसलेला असतो. सपाट वाटही दमवते, फक्त तिची दमवायची तऱ्हा गडाच्या वाटेपेक्षा निराळी असते. त्यामुळे तयारीही निराळी लागते, आणि ती कोल्हापुरात बसून उत्तम करता येते.

घरटी नाही, पण गल्लीत दोन-चार घरांतली पोरं अमेरिकेत आहेत. आईवडील मे-जूनमध्ये नाहीतर दसऱ्याच्या सुमारास तिकडं जातात, आणि पहिले पंधरा दिवस मॉल बघून झाले की कंटाळतात. त्यातल्या चालणाऱ्यांसाठी, आणि कामानिमित्त तिकडं जाणाऱ्या आपल्या ट्रेकर मंडळींसाठी हे लिहितोय. वाट आहे पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलंड या राज्यांतली ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज. तिकडं तिला 'गॅप' म्हणतात.

वाट नेमकी कसली

कंबरलंड गावापासून पिट्सबर्ग शहरापर्यंत १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. बहुतेक वाट बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून जाते. डोंगराळ भागातला मोठा टप्पा वेस्टर्न मेरीलंड रेल्वेचा. तो मार्ग १९१२ मध्ये सुरू झाला आणि १९७५ मध्ये बंद पडला. रूळ निघाले, स्लीपर निघाले, राहिला तो भराव, पूल आणि बोगदे. त्यावर चुनखडीची बारीक खडी दाबून वाट केली. पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळ खुला झाला आणि शेवटचा पिट्सबर्गमध्ये २०१३ साली. म्हणजे २७ वर्षं तुकड्याला तुकडा जोडत ही वाट झाली.

कोल्हापूरला असा प्रश्न कधी पडलाच नाही. १८९१ मध्ये सुरू झालेला कोल्हापूर-मिरज मार्ग मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला, पण आजही धावतोय. अमेरिकेत १९१६ च्या सुमारास अडीच लाख मैलांवर रेल्वेमार्ग होते. पुढं मोटारी आणि ट्रक आले आणि मार्गामागून मार्ग बंद पडले. १९८३ मध्ये तिथल्या कायद्यात सोय झाली, की पुढं कधी रेल्वेला जागा लागलीच तर परत मिळेल या बोलीवर बंद मार्गाची पायवाट करता येईल. त्यामुळे अखंड पट्टे टिकले. नाहीतर सातबाऱ्यावर तुकडे पडायला किती वेळ लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण "रेल्वेच्या वाटेवरून ट्रेक" म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना कॅसलरॉक ते दूधसागर आठवतं. तो चालू मार्ग आहे. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडापेक्षा बोगद्यात गाडी समोर आली तर काय, हा विचार आधी करावा. 'गॅप'वर तुमच्या पायाखाली रूळ नसतात. पण नदीच्या पलीकडच्या काठाला बऱ्याच ठिकाणी चालू मालगाडीचा मार्ग आहे, आणि कंबरलंडकडच्या सुरुवातीच्या टप्प्यात पर्यटकांची गाडी वाटेला लागूनच धावते. त्या रुळांवर फोटोसाठीसुद्धा पाय ठेवू नका.

चढ किती, याचा हिशेब

कोयना एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना लागणारा खंडाळ्याचा घाट ३७ फुटांना एक फूट चढतो. 'गॅप'चा सगळ्यात कडक चढ कंबरलंडच्या बाजूला आहे, तो ५७ फुटांना एक फूट, म्हणजे पावणेदोन टक्के. वाटेचा माथा २,३९२ फुटांवर. आपला पन्हाळा त्याहून उंच आहे. माथ्यापासून पिट्सबर्गकडं उतार इतका मंद, की डोळ्याला दिसतच नाही. नदीचं पाणी कुठं वाहतंय ते बघून कळतं. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून इंजिनिअरांनी नदीचा हात धरला. नदीनं लाखो वर्षं डोंगर कापून जो उतार काढला, तोच त्यांनी वापरला.

आता पायाचं बघा. गडावर चढताना मांडी आणि पोटरी काम करते, उतरताना गुडघा, मध्ये पठार लागलं की सगळ्यांना विसावा. पाऊल दर वेळी वेगळ्या कोनात पडतं. सपाट वाटेवर ७५ सेंटिमीटरचं एक पाऊल धरलं, तर २७ किलोमीटरला ३६ हजार पावलं होतात, आणि ती सगळी हुबेहूब एकसारखी. टाचेचा तोच बिंदू, चवड्याचा तोच भाग, नडगीचा तोच स्नायू. फोड येतात ते यामुळे. शिवाय चढ नाही म्हणून माणूस थांबत नाही, पाणी पीत नाही, आणि पहिल्या दोन तासांत नको तेवढा वेग घेतो.

कुठला टप्पा घ्यावा

पूर्ण १५० मैल पायी करणारे आहेत, पण या वाटेवर सायकलवाले जास्त, आणि गावांमधली अंतरं त्यांच्या सोयीची. पायी जाणाऱ्यानं हट्ट करू नये. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल ते कॉनेल्सव्हिल एवढंच करा. पहिला दिवस साधारण १० मैल (१६ किमी), दुसरा १७ मैल (२७ किमी). दोन्ही दिवस नदी सोबत आणि दोन्ही दिवस उतार तुमच्या बाजूचा. मध्ये ओहायोपाइलला एक जादा मुक्काम ठेवला तर उत्तमच.

वाटेवर दर मैलाला खांब आहे. आकडे कंबरलंडपासून मोजलेले: कॉन्फ्लुअन्स ६२, ओहायोपाइल ७२, कॉनेल्सव्हिल ८९ च्या आसपास. तुम्ही वाढत्या आकड्यांकडं चालायचं. फोनवरच्या अंतरापेक्षा या खांबांवर भरवसा ठेवा, कारण दरीत नेटवर्क येतं-जातं. नकाशा आधीच उतरवून घ्या.

दिवस कुठले? जूनमध्ये रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे निवांत चालता येतं. पण दमटपणा आणि किडे असतात. ऑक्टोबरच्या मध्यावर झाडं लाल-पिवळी होतात. हवा चालायला झकास, पण सकाळी पारा पाच-सहा अंशांवर आणि संध्याकाळी सातच्या आत अंधार. सत्तावीस किलोमीटरच्या दिवशी हा हिशेब महत्त्वाचा. शिवाय सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर छोट्या गावांतली दुकानं, खानावळी आपल्या वेळा कमी करतात. जवान असाल तर ऑक्टोबर, साठीच्या पुढं असाल तर जून, असं मी सांगेन. नोव्हेंबरच्या पुढं आपल्या लोकांनी जाऊ नये.

कोल्हापुरातले आठ आठवडे

तयारीचा कणा एकच: रविवारची लांब चाल. बाकी आठवड्यात तीन दिवस पाऊण-एक तास झपझप चाललं तरी पुरे. पहिल्या रविवारी ८ किलोमीटर, मग दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटरच वाढवायचे. चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. सहाव्या-सातव्या आठवड्यात एकदा २० ते २२ गाठायचे, आणि त्यातच एका शनिवार-रविवारी लागोपाठ चालायचं: शनिवारी १८, रविवारी १२. दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पायांनी निघणं हीच खरी परीक्षा, तिची चव घरी घेतलेली बरी. शेवटचा आठवडा हलका ठेवा. विमानात सुजलेले पाय घेऊन उतरायचं असतं.

जागा कुठली? इथं बहुतेक जण चुकतात. तयारी म्हटली की जोतिबाचा डोंगर नाहीतर पन्हाळ्याची वाट धरतात. दम वाढतो, पण जे दुखणार आहे ते तयार होत नाही. सुरुवातीचे आठवडे रंकाळा किंवा शिवाजी विद्यापीठाचा परिसर ठीक. रंकाळ्याला एक पथ्य: दर फेरीला दिशा बदला, नाहीतर एकाच बाजूच्या खुब्यावर ताण येतो. आणि फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत चौपाटीच्या भेळेकडं वळून बघू नका.

पाचव्या आठवड्यापासून नदी धरा. पंचगंगा घाटावरून निघायचं, शिवाजी पूल ओलांडून आंबेवाडी, तिथून प्रयाग चिखली, आणि त्याच वाटेनं परत. चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एक होऊन पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. संगमावर पाय धुऊन बसा, सरावात विश्रांतीही मोजून घ्यायची असते: दर तासाला सात-आठ मिनिटं, बूट काढून. तुम्ही जिथून चालायला सुरुवात करणार ते कॉन्फ्लुअन्स गावही संगमाचंच आहे. कॅसलमन नदी, लॉरेल हिल क्रीक आणि यॉकियोगेनी तिथं मिळतात. प्रयागाला जाऊन सराव केलेल्या माणसाला ते गाव परकं वाटत नाही.

डांबरावर सगळा सराव करू नका. 'गॅप'चा पृष्ठभाग दाबलेल्या बारीक खडीचा आहे. त्याच्या जवळ जाणारं आपल्याकडं काही असेल तर शिवारातली मुरमाड पाणंद. वरवर मऊ, आत घट्ट, आणि बुटात बारीक खडे शिरतात. अर्धं अंतर तरी पाणंदीनं करा. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंगावर येतात. तेव्हा रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला. वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी हातात काठी असू द्या.

ऑक्टोबरची सहल असेल तर तयारीचा काळ पावसाळ्यात येतो. तेव्हा राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघून निघा. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतं, पण नदीकाठच्या पाणंदी त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. पाणी पात्राबाहेर आलं की काठ सोडायचा आणि विद्यापीठात चालायचं. मे महिन्यात उलटं. पहाटे सव्वापाचला घर सोडलं नाही तर नऊनंतर ऊन भाजून काढतं.

सरावात आणखी एक गोष्ट बसवा, ती म्हणजे वेग. तासाला साडेचार ते पाच किलोमीटर, त्याहून जास्त नको. या वेगानं २७ किलोमीटरला सहा तास चाल, दीड-दोन तास थांबे. सकाळी आठला निघालात तर चारपर्यंत पोचता. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, हे माप. धाप लागून वाक्य तुटायला लागलं, की समजायचं गडी जोरात सुटलाय.

पायाची सरबराई

गडावर चालणारे जाड घोट्यापर्यंतचे बूट इथं घालू नका. जड पडतात, आणि ३६ हजार वेळा उचलायचे असतात. धावण्याचे जरा जाड तळव्याचे बूट, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढं बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट कोल्हापुरातच घ्या आणि त्यांनीच सराव करा. नवं पायताण जसं चावतं, तसा तिथं जाऊन घेतलेला नवा बूट चावतो, फक्त तो दहाव्या मैलावर चावतो.

सुती मोजे बाद. घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी सोलते. पातळ लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे, दोन जोड. दुपारी जेवायला थांबलात की मोजे बदला, ओले पाठपिशवीला बाहेर अडकवून वाळवा. निघण्याआधी बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलीन चोळा. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

आणि सगळ्यात मोठं पथ्य: पायात कुठंही गरम लागायला लागलं, की त्या क्षणी थांबायचं. "पुढच्या खांबाशी बघू" म्हणायचं नाही. बूट काढा, पाय वाळू द्या, त्या जागेवर चिकटपट्टी लावा. पट्टीची टोकं गोल कापली तर मोज्यात उचलली जात नाहीत. बूट झटका. एवढ्याला चार मिनिटं लागतात. फोड आल्यावर पुढचे दोन दिवस जातात. फोड आलाच तर सुई घेऊन बसू नका; झाकून, दाब कमी करून चाला.

मुक्कामाला पोचल्यावर मात्र आपलं कोल्हापुरी पायताण पायात चढवा. पायाला वारा लागतो आणि तिथल्या लोकांशी बोलायला विषय मिळतो.

पाठपिशवी आणि शिदोरी

पाच-सहा किलोच्या वर जाऊ नका. दोन लिटर पाणी, पावसाचं जाकीट, एक उबदार थर, टोपी, डोक्याला बांधायची बॅटरी, औषधं, पासपोर्टची प्रत, विम्याचा कागद. प्रवासाचा वैद्यकीय विमा घेताना रक्तदाब, साखर यांसारखे आधीचे आजार त्यात धरलेत का ते वाचून बघा. एजंटाच्या "सगळं कव्हर आहे काका" वर जाऊ नका. आणीबाणीला नंबर ९११. फोन लागला, की जवळच्या खांबाचा मैल सांगायचा.

पाणी गावातच भरून घ्या. ओढ्याचं पिऊ नका, कितीही नितळ दिसलं तरी. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. बंद खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यानं काही ओहोळ चक्क नारिंगी झालेत. ओहायोपाइल ते कॉनेल्सव्हिल या १७ मैलांत ना दुकान ना टपरी. त्या दिवसाचं सगळं पाठीवर.

शाकाहारी माणसानं तर शिदोरी नेलेलीच बरी. विमानातून नेता येतील अशा वस्तू: जयसिंगपूरचा भडंग, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, गूळ. उतरल्यावर कस्टमच्या विचारणीत खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून सरळ सांगायचं. सांगितल्यानं काही बिघडत नाही, लपवल्यानं दंड होतो. मटणाचं लोणचं मात्र घरीच ठेवा. मांसाचे पदार्थ तिथं आत जाऊ देत नाहीत. मुलीच्या घरी आदल्या दिवशी धपाटे करून घेतले तर दोन दिवस टिकतात. वाटेवर एका वेळी भरपेट खाऊ नका. दर तासाच्या थांब्याला मूठभर भडंग नाहीतर गूळ-शेंगदाणे, असं चालतं ठेवा.

दिवस पहिला: कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल

पिट्सबर्गहून ओहायोपाइल मोटारीनं दीड तासाच्या आसपास. घरचं कुणीतरी सोबत असेल तर सोपं: त्यानं सकाळी कॉन्फ्लुअन्सला सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला घ्यायला यायचं. दोन गाड्या असतील तर एक आधीच टोकाला लावून ठेवायची. दोन्ही नसेल तर वाटेवरच्या गावांत माणसं आणि सायकली पोचवणारे व्यावसायिक आहेत. आधी ठरवून ठेवावं लागतं.

गाव सोडलं की नदीकाठ लागतो. तिथली माणसं नदीला नुसतं 'यॉक' म्हणतात, तेच विचारा. कॉन्फ्लुअन्सच्या वर धरण आहे, त्याच्या तळातून सोडलेलं पाणी थंडगार असतं. मासे धरणारे कमरेएवढ्या पाण्यात तासन् तास उभे दिसतील. पाणी या टप्प्यात शांत आहे, वाट सावलीची आहे, चारपाच तासांत ओहायोपाइल येतं. चूक व्हायची ती इथंच: सोपं वाटतं म्हणून वेग वाढतो. उद्याचे २७ किलोमीटर आजच्या वेगावर ठरतात.

ओहायोपाइल हे चिमुकलं गाव, सभोवती राज्याचं उद्यान. वीसेक फुटांचा धबधबा गावातच आहे. तिथून खाली नदीचा स्वभाव एकदम बदलतो. खडकांतून फेसाळत जाते आणि रबरी तराफ्यांतली पोरं ओरडत खाली जातात. जुनं रेल्वे स्टेशन आता माहिती केंद्र झालंय. जादा मुक्काम ठेवला असेल, तर चार मैलांवरचं फॉलिंगवॉटर बघा: फ्रँक लॉइड राइट या वास्तुकारानं धबधब्यावर बांधलेलं घर, २०१९ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिकीट आधी काढावं लागतं.

दिवस दुसरा: ओहायोपाइल ते कॉनेल्सव्हिल

आठच्या आत निघा. गावातून बाहेर पडताना नदी मोठा वळसा घेते आणि वाट तिला दोनदा ओलांडते. दुसरा पूल उंच आहे. इथं थांबा, खाली बघा, आणि लोखंडी कैच्यांवर हात ठेवून बघा. मालगाड्यांचं ओझं पेलायला केलेला हा पूल आज सायकली आणि बाबागाड्या पेलतोय. मी पुलावर दर वेळी नको तेवढा रेंगाळतो, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

पुढं जंगल. उजव्या-डाव्या अंगानं ओढे उतरतात, नदी झाडांआडून दिसते, पलीकडून मालगाडीचा भोंगा येतो. आणि तासादीड तासानं कंटाळा येतो. हे लिहितो कारण कुणी सांगत नाही. गडावर दर वळणाला काहीतरी बदलतं. रेल्वेची वळणं रुंद असतात, समोर तीच हिरवी बोगद्यासारखी वाट. त्यावर उपाय म्हणजे दिवस खांबांत वाटून घ्या: ७६ ला पहिला थांबा, ८१ ला जेवण, ८५ ला पाय मोकळे करून मोजे तपासणी. जुन्या रेल्वेच्या खुणा शोधत चला: दगडी मोऱ्या, डोंगर कापून केलेली खिंड, ओढ्यावरचे भराव. जेवणानंतरचा तास सगळ्यात जड जातो. तेव्हाच गप्पा मारणारा माणूस सोबत हवा.

कॉनेल्सव्हिल हे एके काळी कोक कोळशाचं गाव. इथं रेल्वे स्टेशनही आहे. पिट्सबर्ग आणि कंबरलंडला जोडणारी प्रवासी गाडी थांबते, पण वेळा अडनिड्या, रात्री उशिरा नाहीतर भल्या पहाटे. थकलेल्या पायांनी तिच्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा गाडी बोलावलेली बरी.

वाटेवरची रीत

उजवीकडून चालायचं. आपल्याला डावीकडची सवय, आणि घोटाळा इथंच होतो. मागून येणारा सायकलवाला "ऑन युअर लेफ्ट" असं ओरडतो. त्याचा अर्थ "मी तुमच्या डावीकडून पुढं जातोय". आपला माणूस 'लेफ्ट' ऐकतो आणि नेमका डावीकडं उडी मारतो. काहीही करू नका, सरळ चालत राहा, हवं तर हात वर करा. चौघांनी आडवी रांग करून चालायचं नाही, दोघंच. कानात गाणी असतील तर एक कान मोकळा.

तंबू कुठंही ठोकायचा नाही, ठरवून दिलेल्या जागीच. शिकारीच्या मोसमात, म्हणजे शरद ऋतूच्या शेवटी, नारिंगी बंडी घाला. भगवा फेटा बांधलात तरी चालेल, दिसण्याशी मतलब.

बोगदा बघायचाच असेल तर

जादा दिवस आणि गाडी असेल तर डील गावाजवळच्या वाहनतळावरून कंबरलंडच्या दिशेनं तीनेक मैल जाऊन परत या. आधी लागतो माथा, पूर्व खंडीय जलविभाजक. त्याच्या एका बाजूचं पाणी अटलांटिकला जातं, दुसऱ्या बाजूचं ओहायो आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात. राधानगरी-दाजीपूरच्या घाटमाथ्यावर उभं राहिलं की हेच होतं: मागचं पाणी भोगावतीतून बंगालच्या उपसागराला, पुढचं कोकणात उतरून अरबी समुद्राला. पुढं बिग सॅव्हेज बोगदा, ३,२९४ फूट, म्हणजे एक किलोमीटर. आत दिवे आहेत, तरी बॅटरी आणि जाकीट हवं. पलीकडं तोंडाशी दरीचा मोठा देखावा उघडतो. हिवाळ्यात बोगद्याची दारं बंद असतात; साधारण डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत.

गोचीड आणि तीन पानांची वेल

अस्वलाची भीती सगळे विचारतात. काळी अस्वलं आहेत, पण माणसाचा आवाज आला की सटकतात. खाणं उघडं टाकू नका म्हणजे झालं. खरी काळजी दोन लहान गोष्टींची.

पहिली, पॉयझन आयव्ही ही वेल. तीन-तीन पानांचा झुबका, वाटेच्या कडेला आणि झाडांच्या बुंध्यांवर. आपल्या बिब्ब्याच्या कुळातली, आणि अंगावर उततेही तशीच. लघवीला आडोसा शोधताना हमखास लागते. लागलीच तर लवकरात लवकर साबणानं धुवा, कपडेही.

दुसरी, हरणांवरची गोचीड. तिळाएवढी असते आणि तिच्या चाव्यातून लाइम रोग होतो. गवतात बसू नका, पँटचे पाय मोज्यात खोचा, कीटक पळवणारं मलम लावा. रोज संध्याकाळी अंघोळीला काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, कानामागं आणि केसांत चाचपून बघा; पाठ दुसऱ्याकडून बघून घ्या. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडीचा चटका देणं असले घरगुती उपाय करू नका. पहिल्या चोवीस तासांत काढली तर धोका बराच कमी होतो.

लाइम रोगाची लाल चकंदळं चाव्यानंतर तीन दिवसांपासून महिन्याभरात कधीही उठू शकतात, म्हणजे तोवर तुम्ही कोल्हापुरात परत आलेले असाल. पुरळ, ताप, सांधेदुखी यांपैकी काही झालं, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की अमेरिकेत जंगलातून चाललो होतो आणि तिथं गोचिडी होत्या. आपल्याकडं हा आजार नेहमीचा नाही, त्यामुळे तुम्ही बोलला नाहीत तर त्यांच्या मनात डेंग्यू आणि चिकुनगुनियाच आधी येणार. गोचिडीचा फोटो आणि तारीख फोनमध्ये ठेवलेली असेल तर तीही दाखवा.